घर घेताना वकील आधी, इसार नंतर

तळ्यात घराचा व्यवहार कसा होतो हे आपण सारेच जाणतो. मोहल्ल्यात कोणी घर काढले अशी खबर येते. चहाच्या दुकानात किंवा नमाजनंतर दोन बुजुर्ग मध्ये पडतात. भाव ठरतो, हातात हात दिला जातो आणि त्याच दिवशी इसाराची रक्कम पोहोचते. आखातात असलेल्या भावाला किंवा मुलाला फोन जातो की घर ठरले, बाकीचे पैसे पाठव. हे सर्व झाल्यावर कोणाला तरी आठवते की कागद करायला वकील लागेल. मग विकणाऱ्याच्या किंवा दलालाच्या ओळखीच्या वकिलाकडे सगळे मिळून जातात, मसुदा टाइप होतो, सह्या होतात आणि पेढे वाटले जातात.

या क्रमात वकील सर्वांत शेवटी येतो. आमचे म्हणणे एवढेच आहे की तो सर्वांत आधी यायला हवा, तो आपला स्वतंत्र असायला हवा आणि तो शक्यतो आपल्या भागातला असायला हवा. जो सुतार साग घेताना फळी ठोकून पाहतो, जो सोनार कसोटीवर घासल्याशिवाय दागिना घेत नाही, तोच आपला बांधव आयुष्यातील सर्वांत मोठी खरेदी डोळे मिटून करतो. याला भोळेपणा म्हणावे की घाई?

आमच्या घरची गोष्ट

हे आम्ही दुसऱ्यांना शहाणपण शिकवावे म्हणून लिहीत नाही, आमचेच हात यात पोळले आहेत. १९९६ साली आमच्या कुटुंबाने तळ्यातील एक जुने घर दोन भावांकडून १ लाख ६० हजार रुपयांना घेतले. घरपट्टी त्या दोघांच्या नावे होती, ताबा त्यांचा होता, गावात त्यांना सर्व ओळखत होते. वकील त्यांचाच होता. आम्ही म्हटले, दोन वकिलांचा खर्च कशाला? खरेदीखत नोंदले गेले आणि आम्ही निश्चिंत झालो.

तीन वर्षांनी मुंबईहून नोटीस आली. त्या भावांना तीन बहिणी होत्या आणि वालिदा हयात होत्या. घर मरहूम वालिदांचे होते. बहिणींनी आपला हिस्सा कधी सोडला नव्हता, त्यांना कोणी विचारलेही नव्हते. दोन वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्यावर आणखी ५० हजार रुपये देऊन आम्ही तडजोड केली आणि सर्वांच्या सह्या घेतल्या. त्या वकिलांचे नाव घेण्याचे येथे कारण नाही. ते विकणाऱ्यांचे वकील होते आणि त्यांनी विकणाऱ्यांचे काम केले. आमचे काम करणारा कोणी नव्हता, ही चूक आमची होती. बहिणींचा तर काहीच दोष नव्हता. त्या आपला हक्क मागत होत्या.

सॉलिसिटर की वकील?

लंडनला स्थायिक झालेले आपले नातेवाईक फोनवर सांगतात, चांगला सॉलिसिटर कर. त्यांच्याकडे घराच्या कागदांचे काम सॉलिसिटर करतो. आपल्याकडे १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टखाली सनद असलेला प्रत्येक जण ॲडव्होकेट, म्हणजे आपल्या भाषेत वकील. मुंबई हायकोर्टात पूर्वी सॉलिसिटर आणि ॲडव्होकेट असे दोन वेगळे वर्ग होते. १९७६ च्या दुरुस्तीने ती विभागणी गेली. मुंबईत बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटी सॉलिसिटरची परीक्षा आजही घेते आणि त्या परीक्षेला मान आहे. परंतु तळ्यातील घरासाठी सॉलिसिटरच हवा असे मुळीच नाही. मिळकतीच्या कागदांचे काम नेहमी करणारा, माणगाव, रोहा, अलिबागच्या कोर्टांत आणि कचेऱ्यांत वावरणारा वकील पुरेसा आहे.

एक फरक मात्र ध्यानात ठेवावा. इंग्लंडमध्ये सरकारी जमीन नोंदवहीत ज्याचे नाव मालक म्हणून चढले त्याच्या मालकीची हमी सरकार देते. आपल्याकडे तशी हमी नाही. आपल्या देशात १९०८ च्या नोंदणी कायद्याने दस्त नोंदला जातो, मालकी नोंदली जात नाही. दुय्यम निबंधक दस्त नोंदून घेतो. विकणारा खरा मालक आहे की नाही याचा निवाडा तो करीत नाही. म्हणून नोंदणी झाली म्हणजे घर पक्के झाले ही समजूत चुकीची आहे. मालकीची तपासणी ज्याने त्याने आपल्या वकिलाकडून करून घ्यायची असते. इंग्लंडपेक्षा आपल्याकडे वकिलाचे काम जास्त जोखमीचे आहे ते यामुळे.

स्थानिक माणूस कशासाठी?

तळा नगरपंचायतीच्या हद्दीतील घर असो की आसपासच्या गावातील, त्याचे कागद एका ठिकाणी मिळत नाहीत. घरपट्टीचा उतारा एका कचेरीत, सातबारा व फेरफार दुसऱ्या, मिळकत पत्रिका भूमी अभिलेखकडे, जुन्या दस्तांची सूची दुय्यम निबंधकाकडे. जुनी गावठाणातील घरे तर कित्येकदा अशी की घरपट्टीच्या उताऱ्याशिवाय दुसरा कागदच नाही. गावठाणांची ड्रोनने मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याची केंद्राची स्वामित्व योजना २०२० साली सुरू झाली. त्यात आपल्या घराची पत्रिका निघाली आहे का, निघाली असल्यास कोणाच्या नावे, आणि चौकशीच्या वेळी कोणी हरकत घेतली होती का, हे कचेरीत जाऊन पाहणाराच सांगू शकतो.

घरपट्टी हा कर भरल्याचा पुरावा आहे, मालकीचा नव्हे. फेरफाराचेही तेच. महसुली नोंद १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे उलट सिद्ध होईपर्यंत बरोबर धरली जाते, परंतु नोंदीने कोणी मालक होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. आम्ही १९९६ साली फसलो ते याच ठिकाणी. घरपट्टीवर दोन नावे पाहिली आणि मालक दोनच असे धरून चाललो.

स्थानिक वकिलाला आणखी एक गोष्ट कळते जी कागदात नसते. अमुक घराण्यात किती भावंडे, कोणती बहीण म्हसळ्याला दिली, कोणता भाऊ केपटाऊनला गेला आणि परतला नाही, पुढच्या दुकानात कोणाचा जुना भाडेकरू आहे, मागची वाट कोणाच्या परसातून जाते. मुंबईचा मोठा वकील कायदा जास्त जाणत असेल, पण ही माहिती त्याला कोण देणार? तो येथून पाठवलेल्या झेरॉक्सवर मत देतो. मिळकत मोठी असेल, कर्ज किंवा कंपनीचा संबंध असेल, तर मुंबईचे मत जरूर घ्यावे. परंतु पाय येथल्या मातीवर असलेला माणूस बरोबर हवा.

स्थानिक म्हणजे आपला भाऊबंद असे मात्र नाही. जो विकणाऱ्याचा मेहुणा आहे, ज्याची फी दलाल देतो, ज्याला गावात कोणाला नाराज करायचे नाही, तो जवळ राहूनही आपल्या उपयोगाचा नाही. वकील आपल्या जमातीचा असावा की नसावा हा प्रश्नच गैरलागू आहे. त्याला आपला वारसा कायदा ठाऊक असावा आणि त्याला नाही म्हणता यावे, एवढे पुरे.

दोन सह्यांत अर्धेच घर

आपल्या वारशाचा हिशेब इतरांपेक्षा वेगळा आहे आणि तो न जाणणारा वकील आपल्या कामाचा नाही. आपल्यात एकत्र कुटुंबाची मिळकत, कर्त्याने सर्वांच्या वतीने विकण्याचा हक्क, असा प्रकार नाही. माणूस वारला त्या क्षणी त्याच्या प्रत्येक वारसाचा हिस्सा ठरून जातो. वाटणी झालेली नसली तरी हिस्सा ठरलेलाच असतो.

आमच्या घराचाच हिशेब पाहा. मरहूमांच्या मागे बेवा, दोन मुलगे आणि तीन मुली. मुले असल्याने बेवेला आठवा हिस्सा. उरले सात अष्टमांश. मुलाला मुलीच्या दुप्पट, म्हणून दोन मुलांचे चार आणि तीन मुलींचे तीन असे सात भाग. म्हणजे बेवेला एक अष्टमांश, प्रत्येक मुलाला दोन अष्टमांश, प्रत्येक मुलीला एक अष्टमांश. दोन भावांनी सही केली तेव्हा त्यांनी विकले ते आठांपैकी चार हिस्से. आम्ही पूर्ण घराचे पैसे देऊन अर्धे घर विकत घेतले होते.

तेही अर्धे घर निर्वेध नसते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा परक्याने घेतला, तर त्याला घरच्यांबरोबर एकत्र ताबा मागता येत नाही, वाटणीचाच दावा करावा लागतो. एका खोलीच्या भिंतीसाठी दहा वर्षे दावा चालवण्याची ऐपत आपल्यापैकी किती जणांची आहे?

म्हणून वकिलाला पहिला प्रश्न हा विचारावा: साहेब, आपण वारसांचा तक्ता करून द्याल ना? जो वकील घराचा मूळ मालक कोण, तो केव्हा वारला, मागे कोण कोण होते, त्यांपैकी पुढे कोण वारले आणि त्यांच्या मागे कोण, असा तक्ता कागदावर मांडतो आणि प्रत्येक नावापुढे सही, हक्कसोडपत्र किंवा मुखत्यारपत्र आहे की नाही हे लिहितो, तो आपला वकील. जो म्हणतो, बहिणी काही मागत नाहीत हो, त्याच्या कचेरीतून नम्रपणे सलाम करून बाहेर पडावे.

हक्कसोडीचेही नियम आहेत. स्थावर मिळकतीतील हक्क सोडल्याचा दस्त नोंदणीकृत हवा, कोऱ्या कागदावर घेतलेला अंगठा चालत नाही. वालिद हयात असताना मुलीकडून लिहून घेतलेला हक्कसोड सहसा टिकत नाही, कारण तेव्हा तिला हिस्सा मिळालेलाच नसतो. जो हक्क अजून आला नाही तो सोडणार कसा?

यतीम, परदेशातील भाऊ आणि तोंडी हिबा

वारसांत कोणी अज्ञान असेल तर काम आणखी नाजूक. सुन्नी कायद्याप्रमाणे अज्ञानाच्या मिळकतीची कायदेशीर पालक आई नसते, चुलता किंवा मोठा भाऊही नसतो. वालिद, आजोबा किंवा त्यांनी मृत्युपत्राने नेमलेला माणूस, आणि तो नसेल तर कोर्टाने नेमलेला पालक, एवढ्यांनाच तो अधिकार. १९१८ साली इमामबंदी विरुद्ध मुत्सद्दी या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने हे स्पष्ट केले आणि तोच कायदा आजवर चालत आला आहे. म्हणून यतीमाचा हिस्सा विकायचा तर १८९० च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स ॲक्टखाली पालकाची नेमणूक आणि कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. आईने मुलाच्या वतीने सही केली, आता काय अडचण, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. अडचण ही की तो मुलगा सज्ञान झाल्यावर दारात उभा राहू शकतो आणि तेव्हा आपण त्याला काय उत्तर देणार?

परदेशातील भावाचे मुखत्यारपत्र हा आपल्या भागातील रोजचा विषय. ते तेथील भारतीय वकिलातीत किंवा नोटरीसमोर झालेले हवे. येथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर येथील मुद्रांक लागला पाहिजे. त्यात विकण्याचा आणि नोंदणीचा अधिकार शब्दांत लिहिलेला हवा, नुसती देखभाल नव्हे. आणि लिहून देणारा वारला की मुखत्यारपत्र संपते. दहा वर्षांपूर्वीचे पत्र दाखवून कोणी विकत असेल तर तो भाऊ हयात आहे का, हे वकिलाने विचारलेच पाहिजे. नुसत्या मुखत्यारपत्रावर आणि साठेखतावर घर आपले झाले असे समजणाऱ्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प खटल्यात सांगून ठेवले आहे की अशा कागदांनी मालकी येत नाही, नोंदणीकृत खरेदीखतच लागते.

विकणारा अनिवासी असेल तर प्राप्तिकराचा मुद्दाही येतो. येथे राहणाऱ्याकडून ५० लाखांच्या आतील घर घेताना खरेदीदाराला कर कापावा लागत नाही. अनिवासी विक्रेत्याला ही मर्यादा लागू नाही. कर न कापल्यास जबाबदारी खरेदीदारावर येते. उलट आखातात नोकरी करणाऱ्या आपल्या मुलाने घर घेणे ठीक, परंतु परकीय चलन कायद्याप्रमाणे अनिवासी भारतीयाला शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही, ते वारशाने मिळू शकते. घराभोवतीची वाडी सातबाऱ्यावर शेती म्हणून असेल तर हा प्रश्न उभा राहतो. शिवाय खरेदीदार शेतकरी नसेल तर १९४८ च्या कूळ कायद्याचे बंधन आहेच. वाडी कुळाच्या हक्काने मिळालेली असेल तर तिच्या विक्रीवरही अटी असू शकतात.

फाळणीनंतर कोकणातील काही कुटुंबांतील माणसे कराचीला गेली. वारसांच्या तक्त्यात असे नाव निघाले तर १९६८ च्या शत्रू मालमत्ता कायद्याचा विचार करावाच लागतो. २०१७ च्या दुरुस्तीने तो अधिक कडक झाला आहे. अशा मिळकतीला सखोल तपासाशिवाय हात लावू नये. मशीद, दर्गा किंवा कब्रस्तानाला लागून असलेली जागा वक्फची तर नाही ना, हेही पाहून घ्यावे.

हिबा हा आणखी एक विषय. वालिदांनी तोंडी हिबा केला होता असे पुष्कळ विक्रेते सांगतात. तोंडी हिबा कायद्याला मान्य आहे. २०११ साली हफीजाबीबी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असेही म्हटले की हिबा कागदावर लिहिला म्हणून त्याची नोंदणी सक्तीची होत नाही. पण देणाऱ्याने जाहीर करणे, घेणाऱ्याने कबूल करणे आणि ताबा देणे, या तीन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात. देणारा वारल्यावर साक्षीदार कोठून आणणार? म्हणून हयातीतच नोंदणीकृत दस्त केलेला बरा. २०१५ पासून महाराष्ट्रात राहते घर पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडे यांना बक्षीस देताना दस्ताला २०० रुपयांचा मुद्रांक लागतो. इतक्या स्वस्तात भांडण मिटत असेल तर विलंब कशाला?

निवड करताना काय विचारावे?

वकिलाकडे इसार देण्यापूर्वी जावे. त्याला पाच गोष्टी विचाराव्यात.

पहिली, विकणाऱ्याशी किंवा दलालाशी आपला काही संबंध आहे का? खरेदीदार आणि विक्रेता यांचे हित वेगळे असते. एकाला पूर्ण चौकशी हवी असते, दुसऱ्याला लवकर पैसे. एकच वकील दोघांचे काम मनापासून करू शकत नाही.

दुसरी, सर्च किती वर्षांचा कराल आणि अहवाल लेखी द्याल का? सर्वसाधारणपणे ३० वर्षांचा सर्च घेण्याचा रिवाज आहे. वारशाच्या घराला मूळ मालकापर्यंत मागे जावे लागते, मग ती ३० वर्षांपेक्षा जास्त का होईनात. अहवाल तोंडी नको. वकिलाच्या सहीने आणि तारखेने हवा.

तिसरी, जाहीर नोटीस कोणत्या वर्तमानपत्रात द्याल? आपले वारस तळ्यात कमी आणि मुंबईत जास्त असतात. फक्त गावाकडच्या पत्रात दिलेली नोटीस त्यांच्या नजरेला पडत नाही. दोन्हीकडे द्यावी. आणि नोटीस दिली म्हणून वारसांच्या सह्या लागत नाहीत असे नाही.

चौथी, फी किती आणि केव्हा? ती आधी ठरवावी, लेखी घ्यावी, पावती मागावी. व्यवहार पूर्ण झाला तरच फी, असे ठरवू नये. ज्याची फी व्यवहार होण्यावर अवलंबून आहे तो हे घर घेऊ नका असे कसे म्हणेल? मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी वेगळी असते. नोंदणी फी किमतीच्या १ टक्का, जास्तीत जास्त ३० हजार रुपये. ही रक्कम ऑनलाइन सरकारजमा होते. वकिलाच्या हाती रोख देण्याचे कारण नाही.

पाचवी, मूळ कागद कोणाकडे राहतील? ते नोंदणीनंतर आपल्या ताब्यात यावेत. फीच्या वादात वकिलाला पक्षकाराचे कागद अडकवून ठेवता येत नाहीत, हा सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा निकाल आहे.

शिवाय महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची सनद आहे की नाही हे पाहण्यात संकोच कसला? कोर्टाच्या आवारात टाइपरायटर घेऊन बसलेला प्रत्येक जण वकील नसतो. मसुदा टाइप करणे निराळे आणि मालकी तपासणे निराळे.

ही निवड आधी नीट करावी याला आणखी एक कारण आहे. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही. म्हणजे काम चुकले तर ग्राहक मंचात जाता येणार नाही. बार कौन्सिलकडे तक्रार किंवा दिवाणी दावा, एवढेच मार्ग. फ्रीज बिघडला तर दाद मागणे सोपे, वकील चुकला तर कठीण.

विकणाऱ्यांनीही ऐकावे

हे सर्व खरेदीदारासाठीच आहे असे विकणाऱ्याने समजू नये. कागद स्वच्छ असलेल्या घराला गिऱ्हाईक लवकर मिळते आणि भाव पाडून मागण्याची संधी कोणाला मिळत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या १२ औद्योगिक शहरांत दिघीचे नाव आले. अशा वेळी बाहेरचे खरेदीदार येतात आणि ते बरोबर आपला वकील घेऊन येतात. तेव्हा तक्त्यात राहिलेल्या बहिणीचे नाव तो काढणारच. त्याआधी घरात बसून वारसनोंद करून घेणे आणि बहिणीचा हिस्सा तिच्या हातात देणे शहाणपणाचे नाही का?

रोखीचाही मोह टाळावा. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २० हजार रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घेतल्यास तेवढाच दंड होऊ शकतो, ही तरतूद २०१५ पासून आहे. खरेदीखतात कमी रक्कम लिहून उरलेली रोख घेणारा विक्रेता उद्या व्यवहार मोडला तर स्वतःच अडकतो, आणि खरेदीदाराला तर ती रक्कम दिल्याचे सिद्धच करता येत नाही.

खर्चाची सबब

आपले काही बांधव म्हणतील की लहान घराला एवढा खटाटोप परवडत नाही. आम्हीही असेच म्हटले होते. वकिलाची फी वाचवली आणि ५० हजार गमावले, दोन वर्षांची झोप गेली ती वेगळीच. लहान घरवाल्याला तर एकच घर असते. श्रीमंताचे एक घर दाव्यात गेले तर तो दुसऱ्यात राहील. बेकरीत पहाटे भट्टी पेटवणाऱ्याने किंवा दुबईत उन्हात गवंडीकाम करणाऱ्याने वीस वर्षांची कमाई एका कागदावर लावली, तर तो कागद तपासण्याचा खर्च त्याला परवडत नाही असे कसे म्हणता येईल?

दुसरे काही म्हणतील की ओळखीच्या माणसाला वकील लावला तर त्याला अविश्वास वाटेल. यावर आमचे उत्तर सोपे आहे. सूरह बकरामधील सर्वांत दीर्घ आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची, लिहिणारा न्यायी असण्याची आणि साक्षीदार ठेवण्याची ताकीद आहे. तेथे हा नियम अनोळखी माणसापुरता आहे असे म्हटलेले नाही. कागद स्वच्छ असला म्हणजे मैत्री टिकते. आमचे ते दोन भाऊ आमचे चांगले स्नेही होते. आज रस्त्यात भेटले तर सलामापुढे बोलणे जात नाही.

तळ्यातील जमातींनी आणि व्यापारी बांधवांनी एक गोष्ट सहज करता येण्यासारखी आहे. लग्नाचा ठराव जसा चार माणसांसमोर होतो, तसा घराचा सौदा ठरवतानाच बुजुर्गांनी म्हणावे, इसार आज नको, वकिलाचा अहवाल आल्यावर. भाव ठरला असे समजून पंधरा दिवस थांबण्यात विकणाऱ्याचे काही जात नाही. ज्याचे काही जात असेल त्याच्या घराचे कागदच आपल्याला आधी पाहायला हवेत.